तहकूब न झालेली सभा

मित्रांनो, मला स्वतःचा आवाज नाही, पण आमच्या शहरातली बहुतेक मोठी भांडणे माझ्यातूनच झाली आहेत. मी एक जुना माईक आहे. नगरपालिकेच्या सभागृहात, अध्यक्षांच्या उंच मेजासमोर आणि नगरसेवकांच्या अर्धगोल बाकांच्या मधोमध, मी एका जड लोखंडी पायावर एकतीस वर्षे उभा होतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे लांब टेबलाशी बायका बसत आणि केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळत. माझ्या पोटातले वेटोळे ज्या बाईने गुंडाळले, ती काम करता करता शेजारणीला सासूची तक्रार सांगत होती. तिने माझा पातळ पडदा बसवला आणि मला जगातले पहिले वाक्य ऐकू आले, "म्हटलं, एकदा तरी माझं ऐकून घ्या!" पुढे आयुष्यभर मला हेच वाक्य निरनिराळ्या तोंडांतून ऐकायचे होते, हे तेव्हा मला कुठून ठाऊक असणार?

सभागृहात आलो तेव्हा माझी जाळी चांदीसारखी चमकत होती. ज्याला बोलायचे असेल त्याने जागेवरून उठून माझ्यापाशी यायचे, अशी रीत होती. कुणी आधी माझ्यावर फुंकर मारी, कुणी माझी मान पिरगळी, कुणी बोलता बोलता माझ्यावर थुंकीचा सडा घाली. एक नगरसेवक लाकडाच्या वखारीचे मालक होते. सगळे त्यांना वखारवाले म्हणत. करवतीच्या आवाजात जन्म गेल्यामुळे हळू बोलणे त्यांना ठाऊकच नव्हते. ते बोलायला उठले, की आमचे शिपाईमामा धावत जाऊन माझा आवाज कमी करत. उलट, पोस्टाच्या जिन्याखाली घड्याळे दुरुस्त करणारे एक नगरसेवक होते, ते घड्याळवाले. ते हळू बोलत आणि मधेच अडखळत. ते उठले, की मामा पुन्हा धावत आणि आवाज वाढवत. एका सभेत मामांच्या अशा किती फेऱ्या होत, ते त्यांच्या गुडघ्यांनाच विचारावे.

मग एका निवडणुकीनंतर सिस्टर आल्या.

त्या नगरपालिकेच्या इस्पितळात सव्वीस वर्षे परिचारिका होत्या. निवृत्त झाल्यावर पहिल्याच खेपेला निवडून आल्या आणि तीन वर्षांनी नगराध्यक्ष झाल्या. पण त्यांना अध्यक्षबाई म्हणण्याची कुणाला सवयच लागली नाही. अर्ध्या शहराला त्यांनी सुई टोचली होती, उरलेल्या अर्ध्याच्या जन्माच्या वेळी त्या हजर होत्या. सगळ्यांच्या तोंडी त्या सिस्टरच राहिल्या.

पहिल्या दिवशी त्या माझ्यापाशी आल्या, पण लगेच बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला आणि माझी जाळी नीट पुसली. सभागृहात हशा पिकला.

"हसताय काय?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांची थुंकी एकाच जागी. एकाला सर्दी झाली तर पुढच्या सभेला कोरम भरायचा नाही."

तेव्हापासून प्रत्येक सभेआधी मला कापसाचा तो थंड स्पर्श होई. मित्रांनो, कुणी आपली निगा राखली की काम करायला किती हुरूप येतो, हे तुम्हीही जाणता.

सिस्टरांनी आणखी एक गोष्ट सुरू केली. सभेच्या सुरुवातीला शहरातल्या कुणाही माणसाने यावे, चिटणिसांकडे आपले नाव लिहावे आणि माझ्यासमोर उभे राहून तीन मिनिटे बोलावे. वखारवाले ताडकन उठले होते. "ही नगरपालिका आहे की पारावरची बैठक? सोम्यागोम्या येऊन बोलेल!"

"येऊ द्या ना," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "पेशंटला कुठं दुखतंय ते पेशंटनंच सांगायचं असतं. डॉक्टरनं नाही."

वखारवाले त्यांच्याशी नऊ वर्षे भांडले. नळ असो, नाला असो, नाहीतर स्मशानाची भिंत, त्यांची हरकत ठरलेली. सिस्टर त्यांचे सगळे बोलणे ऐकून घेत. कधी हरकत खोडून काढत, कधी म्हणत, "हे बरोबर आहे तुमचं, दुरुस्ती करू." असे म्हणाल्या की वखारवाल्यांचीच पंचाईत होई. चढवलेला आवाज आता कुठे ठेवावा, ते त्यांना कळत नसे.

एकदा एक माजी नगरसेवक वारले. शोकप्रस्ताव झाला आणि रिवाजाप्रमाणे कुणीतरी सभा तहकूब करण्याची सूचना मांडली. निम्मे सभासद फायली आवरू लागले. सिस्टरांनी सगळ्यांना हाताने खाली बसवले. "दोन मिनिटं उभं राहू, आणि मग कामाला लागू. वॉर्डात एक पेशंट गेला म्हणून बाकीच्यांचं सलाईन कुणी काढून ठेवत नाही. आपण रडायचं, पण रडत रडत पुढच्या खाटेकडे जायचं." त्या दिवसापासून आमच्या सभागृहात कधी शोकासाठी सभा तहकूब झाली नाही.

आणि मग एका रविवारी दुपारी, जेवणानंतर पाणी पिता पिता, सिस्टर गेल्या. कुणाला हाक मारायलाही सवड मिळाली नाही.

सोमवारी शहराने त्यांना निरोप दिला. मी जागचा हलू शकत नाही, पण मामांनी परत आल्यावर रिकाम्या सभागृहात चिटणिसांना सांगितले ते मी ऐकले. इस्पितळाच्या परिचारिका गणवेशात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या म्हणे. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन सख्खे भाऊ शेजारी उभे राहून रडत होते.  मग मामा झाडू घेऊन उगाचच एकच कोपरा पुन्हा पुन्हा झाडत राहिले.

मंगळवारी अकरा वाजता सभा ठरलेलीच होती. कार्यक्रमपत्रिका सिस्टरांनीच शनिवारी सही करून पाठवली होती. तिच्यावर नऊ विषय होते. सातवा विषय होता टेकडीवरच्या वस्तीला नळाचे पाणी देण्याचा. त्यासाठी वरच्या कचेरीतून आलेल्या मंजुरीची मुदत त्याच शुक्रवारी संपत होती. सभा पुढे गेली, तर सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून करावे लागणार होते, आणि टेकडीवरच्या बायकांचा आणखी एक उन्हाळा घागरी घेऊन पायऱ्या चढण्यात जाणार होता.

त्या सकाळी माझीही प्रकृती ठीक नव्हती. पायातली तार आतून तुटत आली होती आणि मी खरखरत होतो. वायरमन काही येऊ शकला नाही. मामांनी तार इकडे वळवली, तिकडे वळवली. शेवटी एका ठिकाणी बोटाने दाबून धरली की खरखर थांबते, हे त्यांना उमगले.

"आता?" चिटणिसांनी विचारले.

"आता काय?" मामा म्हणाले आणि माझ्या पायाशी फरशीवर मांडी घालून बसले. "धरून बसतो."

उपाध्यक्ष होते घड्याळवाले. दोन्ही बाजूंचा त्यांच्यावर विश्वास म्हणून त्यांना ते पद मिळाले होते, पण अध्यक्षस्थानी ते आजवर दोनदाच बसले होते, तेही सिस्टर गावाला गेल्या असताना. आज ते उंच मेजामागे आले, पण सिस्टरांच्या खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी बाजूला एक साधी खुर्ची ओढून घेतली.

सगळे दोन मिनिटे उभे राहिले. शोकप्रस्ताव वाचून झाला. मग नव्यानेच निवडून आलेले एक तरुण नगरसेवक माझ्यापाशी आले. त्यांच्या श्वासातच रडू होते.

"उपाध्यक्षसाहेब, मला लहानपणी धनुर्वात झाला होता. सिस्टर माझ्या उशाशी अकरा दिवस होत्या. आज त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर आपण गटारांच्या गोष्टी कशा करायच्या? माझ्या जिभेला ते जमणार नाही. सभा तहकूब करावी, अशी माझी सूचना आहे."

त्यात खोटे काही नव्हते. माणसे माना हलवू लागली. "अनुमोदन," असे तीन-चार बाकांवरून आले.  घड्याळवाल्यांनाही उठून घरी जावेसे वाटत असणार. चिटणिसांनी हळूच त्यांच्यापुढे एक कागद सरकवला. घड्याळवाल्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"त-तहकुबीचं नंतर बघू," ते म्हणाले. "आधी नागरिकांचं बोलणं. आज एक न-नाव आहे."

मागच्या बाकावरून इस्त्रीवाल्या आजी उठल्या. त्या टेकडीवर राहत आणि पायथ्याशी त्यांची इस्त्रीची गाडी असे. त्या माझ्यापर्यंत आल्या, पण माझी मान फार वर होती. मामांनी एका हाताने तार धरून दुसऱ्या हाताने मला खाली वाकवले.

"माझं नाव मी मागल्या गुरुवारीच लिहून ठेवलं होतं," आजी म्हणाल्या. "तेव्हा बाई होत्या. काल मी त्यांना पोचवून आले. घरी गेले तर घागर रिकामी. आता तुम्हीच सांगा, मी रडत बसू का रांगेला उभी राहू? मला दोन्ही करायचंय. काल मी रांगेत उभी राहून रडले." त्यांनी पदर सावरला. "तीन मिनिटं झाली नसतील, पण माझं एवढंच होतं."

त्या परत जाऊन बसल्या. आणि मग वखारवाले उठले.

मामांनी सवयीने माझ्या आवाजाच्या बटणाकडे पाहिले, पण त्यांना तार सोडता येत नव्हती.  वखारवाल्यांनी टेकडीच्या नळाला याआधी तीनदा विरोध केला होता. सभा तहकूब झाली तर विषय आपोआप मरणार होता. त्यांना काही करायचीही गरज नव्हती.

ते माझ्यापाशी आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते हळू बोलले.

"नऊ वर्षं मी त्या बाईशी भांडलो. दर सभेला घसा माझा बसायचा, त्यांचा कधी बसला नाही. आज तुम्ही सगळे म्हणताय, सभा तहकूब करू. म्हणजे त्यांची पाठ फिरली की त्यांचा नियम मोडायचा, आणि वर त्याला श्रद्धांजली म्हणायचं? चिटणीस, लिहून घ्या. तहकुबीला माझा विरोध आहे."

चिटणिसांनी लिहून घेतले.

"आणि आत्ताच सांगून ठेवतो," त्यांचा आवाज आता नेहमीच्या पट्टीत चढला, "सातव्या विषयालाही माझा विरोध आहे! सिस्टर असत्या तर मी भांडलो असतो. आज त्या नाहीत म्हणून मी गुमान हात वर केला, तर त्या मनाशी म्हणतील, एवढीच होती होय यांची हरकत? ते मला चालणार नाही."

तरुण नगरसेवकाने जागेवरूनच हात जोडले आणि आपली सूचना मागे घेतली. घड्याळवाल्यांनी कार्यक्रमपत्रिका पुढे ओढली.

"स-सभा चालू राहील. विषय क्रमांक एक."

मित्रांनो, ती सभा मी कधी विसरणार नाही. पहिला विषय होता मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा. चिटणीस ते वाचू लागले. दर दोन ओळींनंतर "अध्यक्षबाईंनी सांगितले की," "अध्यक्षबाईंनी विचारले की," असे येत होते. अशा प्रत्येक जागी चिटणीस क्षणभर अडत आणि पुन्हा पुढे जात. पण एकही ओळ त्यांनी गाळली नाही. मग बसथांब्याचे दिवे झाले. एका सफाई कामगार बाईंची बाळंतपणाची रजा मंजूर झाली. पाचवा विषय वाचनालयाच्या गळक्या छपराचा होता. त्यावर बोलता बोलता एका नगरसेविकेला हुंदका आवरेना. शेजारणीने रुमाल दिला. त्यांनी नाक पुसले आणि विचारले, "पत्रे घालायचे की कौलं?"

मग सातवा विषय आला. वखारवाले बाह्या सरसावून माझ्यासमोर उभे राहिले.

"नळ बाजारपेठेच्या रस्त्यातून न्यायचा, असं या कागदात आहे. तो रस्ता गेल्या वर्षीच केला. आता उकरणार, पावसाळ्यात तो खचणार, मग पुन्हा करणार. दुकानदारांनी काय उडत उडत दुकानात जायचं? टेकडीला पाणी द्यायला माझी ना नाही. पण एकाच्या घशाला ओल द्यायची म्हणून दुसऱ्याच्या दारात चिखल करायचा, हे काही शहाणपणाचं नाही. याचं उत्तर द्या."

उत्तर द्यायला पाणीपुरवठा खात्याची इंजिनीअर उठली. ती नवीन होती. सिस्टरांच्या सोबतीने तिने ही फाईल वर्षभर तयार केली होती, पण सभागृहात एकटीने बोलण्याची तिची ही पहिलीच वेळ. ती फाईलमधले कागद भराभर चाळत होती, त्यांची फडफड मला ऐकू येत होती.

"सर, या प्रश्नावर... सिस्टरांनी शनिवारी फाईल परत पाठवली तेव्हा समासात पेन्सिलीनं लिहिलंय. तेच वाचू का?"

"वाचा," घड्याळवाले म्हणाले.

ती वाचू लागली. "'वखारवाले इथे अडवतील. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. नकाशा क्रमांक दोन तयार ठेवा. दुसरा मार्ग वखारीच्या मागच्या कुंपणाकडून जातो, तो जवळचाही आहे. पण...'" ती घुटमळली. पुढचे वाक्य सर्वांसमोर वाचावे की नाही, ते तिला कळेना. पण अर्ध्यात थांबणेही तिला जमले नाही. "'पण त्यांची जागा आपण मागायची नाही. भर सभेत मागितली तर माणूस अडचणीत येतो. त्यांना स्वतःला सुचलं तर ते देतील. मी त्यांना ओळखते.'"

माझ्यातून जाणारा प्रत्येक आवाज मला कळतो, तशी शांतताही कळते. शांतता सगळ्या एकसारख्या नसतात. कंटाळ्याची असते, रागाची असते, भीतीची असते. ती शांतता मात्र मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. वखारवाले माझ्या इतके जवळ उभे होते, की त्यांचा श्वास माझ्या पडद्यावर आपटत होता. तो एकदा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"कुंपण किती आत घ्यावं लागेल?" त्यांनी विचारले.

"चार फूट, सर."

"सहा घ्या." ते खाकरले. "उद्या दुरुस्तीला माणूस खाली उतरला, तर त्याला कोपर हलवायला जागा नको?"

कुणी टाळी वाजवली नाही. तो टाळीचा प्रसंगच नव्हता. इस्त्रीवाल्या आजी मात्र जागेवर उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसून पुन्हा बसल्या. मतदानाला सगळे हात वर गेले. वखारवाल्यांचाही.

"चिटणीस, माझी हरकत नोंदवा," ते म्हणाले. "आणि हात वर आहे, हेही नोंदवा."

"दोन्ही कसं लिहू, साहेब?"

"झालं तसं लिहा की!"

त्या दिवशी सभागृहात पहिल्यांदा हसू फुटले, आणि हसता हसता कित्येकांना रडू आले.

आठवा आणि नववा विषयही झाला. दीड वाजला होता. घड्याळवाले उभे राहिले. रीतीप्रमाणे त्यांनी सभा संपल्याचे जाहीर करायचे होते. पण ते त्या रिकाम्या खुर्चीकडे वळले आणि कामाची पाळी संपल्यावर परिचारिका पुढच्या परिचारिकेला सांगते तसे म्हणाले, "सि-सिस्टर, सगळे विषय झाले."

मामांनी तेव्हा तार सोडली. अडीच तास दाबून धरलेले त्यांचे बोट पांढरेफटक पडले होते.

मित्रांनो, पुढचे थोडक्यात सांगतो. सहा महिन्यांत टेकडीवर नळ आला. वखारवाल्यांचे कुंपण सहा फूट मागे सरकले, आणि पुढच्याच सभेत ते रस्त्यावरच्या दिव्यांवरून घड्याळवाल्यांशी कडाकडा भांडले. घड्याळवाले पुढे रीतसर निवडून येऊन अध्यक्ष झाले. अडखळणे गेले नाही, पण त्यांचे बोलणे पुरे होईपर्यंत सभागृह थांबायला शिकले.

मग नवे दिवस आले. प्रत्येक बाकावर बोटाएवढा बारीक माईक बसला. मला पायासकट उचलून मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत ठेवले. तिथे मी सात वर्षे होतो. जाळीत कोळ्याने घर केले, पाय गंजला. ज्याच्यावर दर सभेला कापूस फिरत असे, त्याला आता महिनोन्महिने माणसाचा हात लागत नव्हता. आपण संपलो, असे मला वाटू लागले.

एके दिवशी सभेत विषय निघाला, असे मला पुढे कळले. सिस्टरांचा माईक म्हणून मला काचेच्या पेटीत घालून दर्शनी दालनात ठेवावे, खाली पितळी पाटी लावावी. ठराव सगळ्यांना आवडला. पण ती इंजिनीअर, जी आता पाणी खात्याची प्रमुख आहे, उठली आणि म्हणाली, "पेटीत ठेवून काय करायचं? टेकडीवरच्या वॉर्ड कचेरीत लोकांची बैठक असते, तिथं मागच्या बाकांना ऐकू जात नाही. दुरुस्त करून मला द्या."

मग तिने मला वायरमनकडे नेले. त्याने नवी तार जोडली, पडद्यावरची धूळ मऊ कुंचल्याने झाडली, गंज घासून पायाला रंग दिला. आज मी टेकडीवरच्या एका लहानशा खोलीत उभा आहे. खिडकीला एक तावदान नाही, बाके डुगडुगतात. पण दर शनिवारी खोली भरते.

तुमच्या घरी, शाळेत, कचेरीत माझ्यासारख्या वस्तू असतील. त्यांना कापडाने पुसा, त्यांची तार ओढू नका, आणि बिघडल्या तर दुरुस्त करा. ज्यांच्यावर तुमचा जीव आहे ती माणसे गेली तर पोटभर रडा, त्यांच्यासाठी उभे राहा, फुलेही वाहा. पण त्यांच्या टेबलावर कुठले काम अर्धे पडले आहे, तेही उघडून पाहा. तिथे ती माणसे तुम्हाला फोटोपेक्षा जास्त स्पष्ट भेटतील.

आता पुरे करतो. समोर एक गवंडी येऊन उभे राहिले आहेत. हाताला अजून सिमेंट आहे. तीनदा खाकरून झाले, घाम पुसून झाला, पण पहिला शब्द काही सापडत नाही. सापडेल. मी इथेच आहे.